मऊ कुकीजसाठी मातीची चकती: उपयोग, मर्यादा आणि तिच्याहून महत्त्वाचा डबा

घरी केलेल्या चॉकलेट चिप कुकीज ज्या दिवशी ओव्हनमधून बाहेर येतात त्या दिवशी त्यांच्या कडा किंचित कुरकुरीत आणि मध्यभाग मऊ, जरासा चिवट असतो. दोन-तीन दिवसांत मात्र त्याच कुकीज कडक होऊ लागतात आणि आठवडाभरात चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाहीत. त्यावरचा उपाय म्हणून भाजलेल्या मातीची एक छोटी गोल चकती हल्ली ऑनलाइन दुकानांत आणि बेकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. मुळात ती ब्राउन शुगरचा गठ्ठा होऊ नये म्हणून साखरेच्या बरणीत ठेवायची वस्तू आहे, पण विक्रेते तिच्या वर्णनात आता कुकीज, केक आणि ब्रेड यांचाही आवर्जून उल्लेख करतात. ही चकती मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, निरनिराळ्या डब्यांत ठेवून बराच काळ वापरली आहे. माझे मत आधीच सांगते. चकती काम करते, पण तिचे काम थोडे आहे. डबा हवाबंद नसेल तर तिचा काहीही उपयोग नाही, आणि ओव्हनमध्येच जास्त भाजल्या गेलेल्या कुकीला ती पुन्हा मऊ करू शकत नाही. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर तो आधी डब्यावर करावा आणि चकतीचा विचार नंतर करावा.

हे मत कशावर आधारले आहे ते कळण्यासाठी आपण कोणत्या कुकीबद्दल बोलतो आहोत हे स्पष्ट असायला हवे. आपल्या बेकऱ्यांची परंपरा प्रामुख्याने खुसखुशीत पदार्थांची आहे. नानकटाई, खारी, टोस्ट, किंवा पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे मऊ पडली की बिघडली, असेच आपण मानतो आणि ते योग्यच आहे. दिवाळीच्या फराळाचे डबे भरतानाही शंकरपाळे आणि चकल्या सादळू नयेत हीच सगळी काळजी असते. चॉकलेट चिप कुकीची घडण वेगळी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील व्हिटमन या गावी टोल हाउस नावाचे उपाहारगृह चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनी १९३० च्या दशकात ती प्रसिद्धीला आणली, आणि आज आपण घरोघरी करतो ती जाड, मध्यभागी मऊ कुकी हा त्याच प्रकाराचा पुढचा अवतार आहे. खुसखुशीत बिस्किटात पाण्याचे प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आत असते, तर मऊ कुकीत ते ८ ते १० टक्क्यांच्या आसपास राहते. मऊ आणि कडक यांच्यातील सगळा फरक या चार-पाच टक्के पाण्याचा आहे, आणि चकतीचे मूल्यमापन करताना हा आकडा लक्षात ठेवावा लागतो.

कुकी कडक होण्याची कारणे दोन. पहिले उघड आहे, की भोवतालची हवा कोरडी असेल तर कुकीतील पाणी हवेत निघून जाते. दुसरे सहसा लक्षात येत नाही. भाजताना विरघळलेली साखर कुकी थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा स्फटिकरूप धरू लागते, आणि पाणी कमी होत गेले की ही क्रिया अधिक वेगाने होते. अशा कुकीचा तुकडा मोडला तर तो वाकत नाही, कट्‌कन तुटतो, आणि दाताखाली बारीक कण लागतात. चकती पहिल्या कारणावर थोडाफार उपाय करते. दुसऱ्यावर तिचा इलाज फारसा चालत नाही, कारण तो प्रश्न पिठाच्या गोळ्यातच सोडवायचा असतो.

आता प्रत्यक्ष चकतीकडे वळू. ती साधारण बिस्किटाएवढी, अर्धा सेंटिमीटर जाड आणि तळहातावर सहज मावणारी असते. तिला चकाकी नसते, कारण वरून काचेसारखा चकचकीत लेप किंवा रंग दिलेला नसतो, आणि हाच तिचा खरा गुण आहे. वाटीभर पाण्यात टाकताच तिच्या पृष्ठभागावरून बारीक बुडबुड्यांच्या सरी वर येऊ लागतात, कोरडेपणीचा फिकट नारिंगी रंग पाण्याच्या कडेकडून आत गडद विटकरी होत जातो, आणि बुडबुडे थांबले की तिची छिद्रे भरली असे समजावे. त्याला १५ ते २० मिनिटे लागतात. नंतर ती फडक्याने नीट पुसायची, इतकी की बोटाला ओल जाणवेल पण थेंब लागणार नाही, आणि मग डब्यात कुकीजच्या वर, बटर पेपरच्या तुकड्यावर ठेवायची. डब्यातली हवा कोरडी असेल तर छिद्रांतले पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू बाहेर येते आणि कुकीज ते शोषून घेतात. यात विजेचा, रसायनाचा किंवा वासाचा काहीही संबंध नाही, आणि नीट धुवून वाळवली तर हीच चकती वर्षानुवर्षे वापरता येते.

पण ती किती पाणी देते, याचा हिशेब विक्रेत्यांच्या वर्णनात कुठेच सापडत नाही. लेप न दिलेली भाजकी माती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक पाणी धरते. चकतीचे वजन ३० ग्रॅम धरले तर तिच्यात फार तर तीन-चार ग्रॅम पाणी मावेल. डब्यात प्रत्येकी ३५ ग्रॅमच्या बारा कुकीज असतील तर त्यांचे एकूण वजन ४२० ग्रॅम होते, आणि त्या पूर्ण वाळून त्यांतले तीन टक्के पाणी गेले असेल तर सुमारे साडेबारा ग्रॅम पाणी परत द्यावे लागेल. म्हणजे चकतीतले पाणी थेंबन्‌थेंब कुकीत उतरले असे मानले तरी तिला तीन-चार वेळा भिजवून ठेवावे लागेल. ज्या कुकीज आधीच दगडासारख्या झाल्या आहेत त्या एका रात्रीत पूर्ववत होतील असा दावा जिथे केलेला असेल तिथे हे गणित आठवावे. उलट, कुकीज ताज्या असताना डब्यात ठेवल्या आणि रोज डबा उघडला-मिटला जाताना जे थोडे पाणी उडते ते भरून काढण्याचे काम दिले, तर तीन-चार ग्रॅम पाणी पुष्कळ होते. चकतीचा खरा उपयोग असा राखण्याचा आहे.

वापरताना दिसणारा परिणामही असाच आहे. जरा कडक होऊ लागलेल्या कुकीजच्या डब्यात भिजवलेली चकती संध्याकाळी ठेवली तर सकाळपर्यंत कुकीजच्या कडा नरमतात, पण मध्यभाग तसाच राहतो, कारण पाणी बाहेरून आत झिरपायला वेळ लागतो. आणखी एक दिवस गेला की आतला भागही मऊ होतो. मात्र चकतीच्या अगदी खाली असलेली कुकी इतरांपेक्षा जास्त ओली होते, आणि चकती नीट पुसलेली नसेल तर त्या कुकीवरच्या चॉकलेटवर पांढरट, खरखरीत डाग पडतात. ओलाव्यामुळे चॉकलेटच्या पृष्ठभागावरची साखर विरघळून पुन्हा स्फटिक झाल्यामुळे ते डाग येतात. ती बुरशी नव्हे, आणि कुकी खाण्यास काहीच हरकत नसते, पण भेट म्हणून द्यायच्या कुकीजवर ते शोभत नाहीत. म्हणून चकती कधीही थेट कुकीवर टेकवू नये. डब्याच्या झाकणाला आतून चकती अडकवण्याची सोय असलेले काही प्रकार मिळतात, ते या दृष्टीने अधिक बरे.

चकतीचा जुना आणि स्वस्त प्रतिस्पर्धी म्हणजे पांढऱ्या ब्रेडची स्लाइस. हा उपाय अनेकांना ठाऊक आहे, पण त्याची ताकद चकतीपेक्षा किती जास्त आहे हे सहसा सांगितले जात नाही. २५ ते ३० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये एक तृतीयांशाहून अधिक पाणी असते, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, चकतीच्या जवळजवळ तिप्पट. रात्रभर ब्रेड डब्यात राहिला की सकाळी तो टोस्टसारखा ताठ झालेला असतो आणि कुकीज मऊ झालेल्या असतात. ते पाणी कुठे गेले हे हाताला कळते. कडक झालेल्या कुकीज वाचवायच्या असतील तर मी आजही चकतीऐवजी ब्रेडच निवडेन. त्याची अडचण दुसरी आहे. ब्रेडवर बुरशी लवकर येते, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, आणि यीस्टचा मंद वास कुकीजना लागतो. लोणी आणि व्हॅनिलाचा वास नाजूक असतो, त्याच्यावर हा वास सहज बसतो. म्हणून ब्रेड एका रात्रीपुरता ठेवून काढून टाकावा, तो डब्यात विसरू नये. काही जण सफरचंदाची फोड ठेवतात, पण तिचा वास ब्रेडहूनही जास्त लागतो आणि जिथे ती टेकते तिथे कुकी चिकट होते, त्यामुळे तो मार्ग मला पटलेला नाही.

आता किमतीचा मुद्दा. ऑनलाइन मिळणाऱ्या चकत्यांना काही शे रुपये पडतात, आणि त्यांवर फुलाची, अस्वलाची किंवा पानाची नक्षी उठवलेली असते. ही किंमत नक्षीची आणि खोक्याची आहे. मातीचा गुण कुंभाराकडच्या साध्या पणतीतही तेवढाच असतो. पुण्यात कसबा पेठेतील किंवा मुंबईत धारावीतील कुंभारवाड्यात, किंवा दिवाळीच्या आधी कोणत्याही गावच्या बाजारात, न रंगवलेली पणती अगदी थोड्या पैशांत मिळते. ती नवी हवी, तेल न लागलेली हवी आणि तिच्यावर रंग, चमकी किंवा वार्निश अजिबात नसावे, एवढ्या अटी पाळल्या की काम झाले. वापरण्यापूर्वी ती साबण न लावता घासावी, दहा मिनिटे पाण्यात उकळावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. साबण छिद्रांत शिरला की त्याचा वास पुढे निघता निघत नाही, म्हणून हा नियम विकतच्या चकतीलाही लागू आहे. मी मागवलेल्यांपैकी एका विक्रेत्याची चकती वरून पारदर्शक लेप दिलेली निघाली. पाण्यात टाकल्यावर तिच्यातून एकही बुडबुडा आला नाही आणि वजनकाट्यावर तिचे वजन भिजवण्यापूर्वी होते तेवढेच नंतरही भरले. अशी चकती म्हणजे केवळ शोभेची वस्तू होय. नवी चकती घरी येताच तिला पाण्यात टाकून बुडबुडे येतात का हे पाहावे आणि येत नसतील तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती परत करावी.

परंतु या सगळ्याच्या आधी डबा येतो, आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. आपल्या घरांत कुकीज बहुधा स्टीलच्या साध्या डब्यात जातात, ज्याचे झाकण वरून दाबून बसते. असा डबा मुंग्यांपासून आणि धुळीपासून रक्षण करतो, पण झाकण आणि काठ यांच्यामध्ये हवेला वाट राहते. लाडवांना त्याने फारसे बिघडत नाही, कारण लाडू तुपाने बांधलेला असतो. मऊ कुकीला मात्र ती फट पुरेशी घातक आहे. सिरॅमिकच्या सुंदर कुकी जारचीही हीच गत आहे. त्याचे झाकण नुसते वर ठेवलेले असते, आणि ज्यांच्या झाकणाला पातळ प्लास्टिकची कडी लावलेली असते त्यांचीही कडी काही महिन्यांत सैल होते. असे जार त्याच दिवशी संपणाऱ्या कुकीज टेबलावर मांडण्यासाठी ठेवावेत.

चार बाजूंना खटके आणि झाकणाच्या आत सिलिकॉनची रिंग असलेला प्लास्टिकचा डबा या कामासाठी मला सर्वांत उत्तम वाटला. त्याचा तळ चौकोनी किंवा आयताकृती असल्यामुळे कुकीजच्या दोन थरांत बटर पेपर घालून तो काठोकाठ भरता येतो, आणि ही बाब वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण डब्यात रिकामी जागा जितकी जास्त तितकी कुकीजचे पाणी शोषणारी हवा जास्त. सहा कुकीजसाठी पाच लिटरचा डबा वापरू नये. घेताना तळाशी त्रिकोणात ५ हा अंक आहे का, म्हणजे डबा पॉलिप्रॉपिलीनचा आहे का, हे पाहावे. या प्लास्टिकमधून पाण्याची वाफ फार कमी प्रमाणात जाते आणि रोजच्या वापरात ते तडकत नाही. रिंग हाताने काढता-घालता आली पाहिजे, नाहीतर तिच्या खाचेत साखरेचे कण आणि लोण्याचा अंश साचून कुबट वास येऊ लागतो, आणि तो वास पुढच्या प्रत्येक खेपेला कुकीजना लागतो. धुतल्यावर रिंग पूर्ण वाळवूनच बसवावी.

सिलिकॉनची रिंग असलेले स्टीलचे डबेही आता सर्रास मिळतात आणि वास न धरण्याच्या बाबतीत ते प्लास्टिकहून निश्चितच सरस आहेत. त्यांतले बहुतेक गोल असतात, त्यामुळे जागा थोडी वाया जाते, आणि आतले दिसत नसल्याने डबा वारंवार उघडला जातो. तारेच्या खटक्याची आणि रबरी कडीची काचेची बरणी हवाबंदपणात कुणालाही हार जात नाही, पण तिच्या अरुंद तोंडातून हात घालताना मऊ कुकी मोडते, आणि उभ्या थरांत खालच्या कुकीजवर वरच्यांचे वजन पडून त्या एकमेकींना चिकटतात. लहान, दोन घासांच्या कुकीजसाठी ती ठीक आहे. झिपच्या पिशव्यांना मी कमी लेखणार नाही. हवा दाबून काढून टाकलेली जाड पिशवी दोन दिवसांसाठी अनेक डब्यांपेक्षा चांगली ठरते, फक्त ती कुकीजना आधार देत नाही, म्हणून ती डब्याच्या आत वापरावी.

डबा खरोखर हवाबंद आहे का हे दुकानात कळत नाही, घरी मात्र सहज तपासता येते. झाकण लावून डबा बादलीतल्या पाण्यात पूर्ण दाबून धरावा. झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची रांग निघाली तर तिथे फट आहे. ज्यांच्याकडे एक ग्रॅमपर्यंत नेमका मोजणारा वजनकाटा आहे त्यांनी कुकीज भरलेला डबा बंद करूनच रोज त्याच वेळी तोलून पाहावा, कारण वजन जेवढे घटेल तेवढे पाणी गेले असे सरळ कळते. जो डबा कोरड्या दिवसांतही वजन टिकवून धरतो त्याला चकतीची गरज फार थोडी लागते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगते. नव्या डब्यात अनेकदा सिलिका जेलची छोटी पुडी असते, ती ओलावा शोषण्यासाठीच असते. काहीजण ती चांगली म्हणून फराळाच्या डब्यात ठेवून देतात. मऊ कुकीजच्या डब्यातून ती तत्काळ काढावी.

चकती घ्यावी की नाही हे तुम्ही कुठे राहता यावरही बरेच अवलंबून आहे. नागपूर, अमरावती, अकोला या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. तिथे ओट्यावर उघडी राहिलेली कुकी संध्याकाळपर्यंतच वाळायला लागते, आणि डबा उघडताना प्रत्येक वेळी आत शिरणारी कोरडी हवा आपला वाटा घेऊन जाते. अशा ठिकाणी चकती आपली किंमत वसूल करून देते. दिल्ली, जयपूर किंवा आखाती देशांत वातानुकूलित घरांत राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हेच लागू पडते, कारण वातानुकूलन यंत्र हवेतला ओलावा काढून घेते. याउलट मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मऊ कुकीला जेवढा ओलावा मानवतो त्यापेक्षा हा जास्त आहे, म्हणून तिथे उघडी कुकी कडक होण्याऐवजी ओलसर आणि चिकट होते, तिच्या कडांचा कुरकुरीतपणा आधी जातो. त्या काळात डब्यात भिजलेली चकती ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे आहे, आणि चकतीही सतत ओलसर राहिल्याने तिच्या छिद्रांत काळे ठिपके धरतात. पावसाळ्यात ती उकळून, वाळवून कोरडी ठेवून द्यावी. पुणे-नाशिककडे हिवाळा आणि उन्हाळा सोडला तर तिची आठवण क्वचितच येईल.

चकतीच्या वर्णनांमध्ये जी गोष्ट पूर्णपणे वगळलेली असते ती म्हणजे कुकीचे घटक. दूध घालून भिजवलेली दशमी प्रवासात मऊ राहते ती कुठल्या डब्यामुळे नव्हे, तर ती तशी भिजवलेली असते म्हणून, आणि कुकीचेही तसेच आहे. नुसत्या पांढऱ्या साखरेची कुकी लवकर कडक होते. ब्राउन शुगरमध्ये मळीचा अंश असतो आणि त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात, या साखरा पाणी धरून ठेवतात आणि नेहमीच्या साखरेला सहजी पुन्हा स्फटिक होऊ देत नाहीत. आपल्याकडे याला काकवीसारखा उत्तम पर्याय आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांतून येणारी काकवी एकूण साखरेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी घातली तर कुकीचा रंग सोनेरी-तपकिरी होतो, गुळाचा हलका स्वाद येतो आणि मऊपणा दोन दिवस अधिक टिकतो. काकवी पातळ असल्याने दुधाचे प्रमाण तेवढे कमी करावे. मध घातला तरी चालतो, पण तो ओव्हनमध्ये लवकर रंग धरतो. तुपाने केलेल्या कुकीकडून मऊपणाची अपेक्षा करू नये. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तुपात जवळपास नसते, आणि म्हणूनच तुपाची नानकटाई इतकी सुरेख खुसखुशीत होते. अंडे न घालणाऱ्यांनी त्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क वापरल्यास मऊपणा चांगला राहतो. कणकेच्या कुकीज करायच्या असतील तर भिजवलेला गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा, कारण कोंड्याला पाणी मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिला नाही तर कोंडा भाजल्यानंतर डब्यात ते पाणी ओढून घेतो.

भाजणे हा तर सर्वांत निर्णायक टप्पा आहे. १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर ४० ग्रॅमच्या गोळ्याला दहा-अकरा मिनिटे पुरतात, घरगुती ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, थोडे पुढे-मागे होते. कडा सोनेरी झाल्या आणि मध्यभाग अजून फिका, किंचित फुगलेला आणि कच्चा वाटतो आहे, अशा वेळी ट्रे बाहेर काढावा. गरम ट्रेवर पुढची पाच मिनिटे कुकी आतून शिजतच असते. मध्यभाग रंगेपर्यंत वाट पाहिली तर ती दोन मिनिटे पाणी घेऊन जातात आणि नंतर कितीही चांगली चकती आणली तरी ती भरपाई होत नाही. मग कुकीज जाळीवर काढून पूर्ण थंड होऊ द्याव्यात. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तळाला हात लावून जराही ऊब जाणवली नाही की त्याच क्षणी डबा बंद करावा. गरम असताना भरल्या तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरच्या कुकीज चिकट होतात. रात्रभर जाळीवर राहू दिल्या तर सकाळी डब्यात भरण्याजोगा मऊपणाच उरत नाही.

डब्यात एकाच प्रकारच्या कुकीज असाव्यात. मऊ कुकीज आणि नानकटाई एकत्र ठेवली की पाणी ओल्या पदार्थाकडून कोरड्याकडे जाते, आणि दोन-तीन दिवसांत नानकटाई सादळते व कुकी कडक होते, म्हणजे दोन्ही पदार्थ वाया जातात. भेटीच्या डब्यांत दोन्ही द्यायच्या असतील तर प्रत्येकाला वेगळी बंद पिशवी हवी. फ्रिजचा मोहही टाळावा, कारण तिथली हवा कोरडी असते आणि उघड्या किंवा सैल झाकलेल्या कुकीज बाहेरपेक्षा तिथे लवकर वाळतात, शिवाय रात्रीच्या भाजीचा वासही लोण्याला लागतो.

ज्यांना आठवड्याहून अधिक काळ मऊ कुकीज हव्या असतात, त्यांना मी चकती किंवा ब्रेड यांपैकी काहीच सुचवणार नाही. पिठाचे गोळे करून ते ताटलीत सुटे गोठवावेत, कडक झाले की पिशवीत भरून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि पाहुणे येतील तेव्हा हवे तेवढे काढून, न वितळवता, नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटे जास्त भाजावेत. गोळे दोन-तीन महिने चांगले राहतात. भाजलेल्या कुकीजही अशाच गोठवता येतात. त्या बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, म्हणजे हवेतले पाणी कुकीवर न जमता पिशवीच्या बाहेर जमते. आणि डब्यातली एखादी कुकी खाण्याच्या वेळी जराशी ताठ वाटली, तर ती मायक्रोवेव्हमध्ये आठ-दहा सेकंद ठेवावी. ती मऊ होते, पण थंड झाली की पूर्वीपेक्षा कडक होते, म्हणून एका वेळी खायची तेवढीच गरम करावी.